हाडांचा ऑनलाइन कोर्स : पैसे भरण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या एक मावशी मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. "सिस्टर, ह्ये बघा की. पोरानं पुण्याहून धाडलंय. पाच हजार भरले की तीन महिन्यांत हाडं पहिल्यासारखी हुत्यात म्हनं. भरू का?"

मोबाइलवर जाहिरात होती. ठिसूळ हाडांसाठी, म्हणजे ऑस्टिओपोरोसिससाठी, तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स. रोज व्यायामाचे व्हिडिओ, आहाराचा तक्ता आणि व्हॉट्सअॅप ग्रुप. किंमत ४,९९९ रुपये. तीनशे रुपये रोजाने खुरपायला जाणाऱ्या बाईची ही जवळपास सतरा दिवसांची मजुरी. लेकाने आईच्या काळजीपोटी पाठवले होते, त्यामुळे हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती.

मी मावशींना आधी दुसरेच विचारले. वय ५२. बरीच वर्षे ऊसतोडीला गेलेल्या. बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढलेली. पाठ दुखते ती वर्षभरापासून. आणि बोलता बोलता म्हणाल्या, "आता पातळ खाली लोळतंय, पहिलं बराबर बसायचं." हे ऐकून मी सावध झाले. पातळ तेच असते, बाईची उंची कमी झालेली असते.

पिशवीचा आणि हाडांचा संबंध

बाईच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होते. ते हाडांची झीज रोखून धरते. पाळी गेली की ते कमी होते आणि पुढची काही वर्षे हाडे भराभर विरळ होतात. पन्नाशीच्या आसपास हे सगळ्याच बायकांचे होते. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली असतील, तर हीच झीज तिशी-चाळिशीत सुरू होते. अंडाशये ठेवली असली तरी पाळी जाण्याचा काळ काही वर्षे अलीकडे येऊ शकतो.

आपल्या भागात हा प्रश्न लहान नाही. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कळंब, वाशी, भूमकडच्या टोळ्याही त्याच कारखान्यांच्या फडात जातात. शस्त्रक्रियेची चर्चा झाली, पण त्या बायकांच्या हाडांचे पुढे काय होणार, हे त्यांना कोणी फारसे सांगितले नाही.

म्हणून पहिले काम, ऑपरेशनचा जुना कागद शोधा. त्यावर 'बीएसओ' ही अक्षरे असतील तर दोन्ही अंडाशये काढली आहेत. पंचेचाळिशीच्या आत असे झाले असेल तर डॉक्टरांना तो कागद दाखवून हाडांबद्दल मुद्दाम विचारा. काही जणींना पन्नाशीपर्यंत हार्मोनची औषधे देता येतात.

"कष्ट करणाऱ्या बाईची हाडं मजबूतच असतात," असे आपल्याकडे म्हणतात. कष्टाने हाडांना बळ मिळते हे खरे, पण पोटात पुरेसे अन्न गेले तर. लवकर गेलेली पाळी, मिशरी, वारंवार बाळंतपणे आणि दोन वेळची नुसती भाकरी-चटणी, हे सगळे एकत्र आले की नुसते कष्ट हाडे वाचवत नाहीत. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने घेतलेल्या अनोळखी पुड्यांत स्टेरॉइड असेल, तर तेही हाडे पोखरते.

आधी तपासणी, मग कोर्स

मी मावशींना कोर्स बाजूला ठेवायला सांगितले आणि सरकारी दवाखान्यात नेले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत. पाठीचा एक्स-रे काढला. दोन मणके चेपलेले निघाले. बाई पडलेली नव्हती, आपटलेली नव्हती. बहुधा भरलेला हंडा उचलताना कधीतरी मणका दबला आणि तिने तो 'पाठदुखी' म्हणून सोसला.

घरी येऊन आम्ही कोर्सचा फुकट नमुना व्हिडिओ पाहिला. पहिल्याच व्यायामात बाई कमरेतून वाकून पायाचे अंगठे धरत होती. तरुण, धडधाकट शरीराला त्यात काही वावगे नाही. पण चेपलेल्या मणक्याला असे वाकवले तर शेजारचा मणकाही दबू शकतो. व्हिडिओतल्या बाईला आपल्या मावशींचा मणका दिसत नव्हता. पाच हजार तर गेलेच असते, पाठही गेली असती.

एक्स-रेमध्ये हाडांची विरळता बरीच उशिरा दिसते. नेमके मोजमाप डेक्सा तपासणीत होते. ते मशीन सगळीकडे नसते, लातूर-सोलापूरसारख्या शहरात चौकशी करावी लागते. डेक्साच्या कागदावर 'टी-स्कोअर' असतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मध्ये हाडे विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. वस्तीत शिबिर लावून टाचेला मशीन लावतात, तो फक्त अंदाज असतो. त्यावरून औषध किंवा कोर्स विकत घेऊ नका.

कोर्समध्ये नेमके काय विकतात?

बहुतेक कोर्समध्ये आहार, व्यायाम आणि ऊन यांचीच माहिती असते. त्यातले बरेचसे आपल्या घरात आहे.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागते. आपल्या ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात ते तीसच्या आतबाहेर असते, नाचणीच्या तेवढ्याच पिठात साडेतीनशेच्या आसपास. म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवस नाचणीची भाकरी करा. कपभर दुधातून, गाईचे असो की शेळीचे, सव्वादोनशे-अडीचशे मिळते. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, हुलगे, तिळाची चटणी, सुकट हे सगळे कामाचे. पायाच्या रश्श्यात मात्र वाटते तेवढे कॅल्शियम उतरत नाही. हाडांना प्रथिनेही लागतात, म्हणून डाळ, अंडी, शेंगदाणे, मटण-मासे जमेल तसे खा. जेवणातून पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या. जनऔषधी दुकानात त्या स्वस्त मिळतात.

पाच हजारांचा दुसरा हिशेब करून पाहा. तीन महिने रोज अर्धा लिटर दूध आणि एक अंडे आणले, तर दुधाचे पन्नास आणि अंड्याचे सात रुपये धरून २,८८० रुपये होतात. उरलेल्या पैशांत दवाखान्याला जाण्या-येण्याचे भाडे निघते.

व्यायाम साधे आहेत. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. ओट्याला धरून टाचा उचला. भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहा. आधार धरून एका पायावर दहा आकडे मोजा. रोज अर्धा तास चाला. तोल सांभाळायची सवय झाली की पडणे कमी होते, आणि खुब्याचे हाड बहुतेक वेळा पडूनच मोडते. मणका चेपलेला असेल तर वाकणे, पिळणे आणि जड उचलणे टाळा. व्यायामही डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा.

पण रोग ठरल्यावर नुसत्या आहार-व्यायामाने भागत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या असतात, त्या उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नसते. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचे औषधही असते. "औषधाशिवाय हाडे पूर्ववत" असे जो कोर्स छातीठोक सांगतो, तो तिथेच सोडा.

मग कोर्स कधी घ्यावा?

ऑनलाइन सगळेच वाईट, असे मी म्हणणार नाही. तपासणी झाली आहे, औषध सुरू आहे, घरात पैसे आहेत आणि जवळ फिजिओथेरपिस्ट नाही, अशा बाईला चांगला कोर्स उपयोगी पडेल. पण पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारा.

१. शिकवणाऱ्याचे शिक्षण काय, नोंदणी क्रमांक काय?
२. माझे रिपोर्ट पाहून मला वेगळे व्यायाम देणार, की सगळ्यांना एकच व्हिडिओ?
३. मी करताना कोणी समोर पाहून चूक सांगणार का?
४. पावडर-गोळ्या त्यांच्याकडूनच घ्याव्या लागतात का?
५. नाही पटले तर पैसे परत मिळतील, हे लेखी आहे का? पैसे एकदाच कापले जातील, की दर महिन्याला आपोआप?

यांतल्या दोन-तीन प्रश्नांनाही सरळ उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरू नका. भरून फसवणूक झाली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. डॉक्टरांशी ऑनलाइनच बोलायचे असेल तर सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे.

मावशींचे औषध सुरू आहे. लेकाला मीच फोन केला. तो म्हणाला, "सिस्टर, मग ते पैसे कशाला पाठवू?" मी म्हटले, दुधाला पाठव, आणि घरात नळाची तोटी ओट्यापर्यंत आण, म्हणजे आईचा हंडा सुटेल. दिवाळीत येऊन त्याने ते केले.

आता रविवारी वंदना झाल्यावर आम्ही पंधरा-वीस जणी विहारातच थांबतो आणि खुर्चीचा, टाचांचा, भिंतीचा व्यायाम करतो. मावशी त्यांना सांगितले तेवढेच करतात. कुणाचे पातळ खाली लोळायला लागले का, हेही एकमेकींना विचारतो. तुमच्या घरातल्या आईला, सासूला आजच विचारा.

जय भीम.