लॅन केबल : आकडा नको, तांबे पाहा

‘डॉक्टर, वाय-फाय काढून टाकून घरभर केबल टाकून घेऊ का?’ हा प्रश्न अलीकडे ओपीडीत वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा लहरींची भीती असते, म्हणून आधी तिच्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२ बी’ गटात घातले. म्हणजे शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे, आणि त्यासाठी कोणी गॅलरीतली कुंडी फेकून देत नाही. राउटरची शक्ती मुळातच कमी असते आणि अंतर वाढले की ती झपाट्याने घटते. त्या भीतीपोटी भिंती फोडू नका.

केबलची खरी गरज दुसरीकडे आहे. व्हिडिओवरून रुग्ण तपासताना मी त्याच्या छातीची हालचाल पाहून श्वास मोजतो, पूर्ण एक मिनिट. मध्येच चित्र पाच सेकंद गोठले की मोजणी वाया. अशा कॉलला सेकंदाला दोन-तीन मेगाबिटचा वेग पुरतो, तो बहुतेक घरांत असतोच. कमी पडते ते सातत्य. सिमेंटच्या दोन भिंती आणि शेजारपाजारचे दहा राउटर यांच्या गर्दीत वाय-फाय अडखळते, केबल अडखळत नाही. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे आणि डॉक्टर पडद्यावरच भेटतो, तिथे आतल्या खोलीपर्यंत एक केबल नेणे हा चांगला खर्च आहे.

मग कोणती घ्यायची? केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी पीळ घातलेली. तारांना असा पीळ घालण्याचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये टेलिफोनसाठी घेतले होते. बाहेरचा विद्युत गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडचे यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचते, त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. आमचे ईसीजी यंत्रही याच युक्तीवर चालते. खोलीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखीच येते म्हणून बरीचशी कटते आणि हृदयाचा मिलिव्होल्टभर संदेश उरतो.

वेष्टनावरचा ‘कॅट’चा आकडा म्हणजे केबल किती वरच्या वारंवारतेपर्यंत हे काम चोख करते त्याची प्रतवारी. कॅट ५ ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत, कॅट ६ २५० पर्यंत, कॅट ६ ए ५०० पर्यंत. कॅट ५ ई सुद्धा एक गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत नेते. आपल्याकडच्या घरगुती योजना बहुतेक यापेक्षा कमी वेगाच्या. म्हणून नवी केबल टाकत असाल तर कॅट ६ घ्या, कॅट ५ ई आधीच असेल तर राहू द्या. दुकानदार कॅट ७ आणि कॅट ८ पुढे करतो. कॅट ८ डेटा सेंटरसाठी आहे, तिची पूर्ण क्षमता ३० मीटरपर्यंतच. नेहमीचा प्लग लावून विकल्या जाणाऱ्या कॅट ७ बद्दल तर मी गप्पच बसेन. तिच्या मूळ मानकात तो प्लगच नाही. साध्या सर्दीला भारी अँटिबायोटिक मागण्यातला हा प्रकार.

जास्त लक्ष द्यायचे ते धातूकडे. स्वस्त केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते, खोक्यावर बारीक अक्षरांत ‘सीसीए’ लिहिलेले. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, तार ठिसूळ, आणि कोणत्याही कॅट मानकात ती बसत नाही. केबलमधूनच वीज घेणारा कॅमेरा अशा तारेवर जोडला तर ती जास्त तापते. तपासणी सोपी आहे : तार ब्लेडने खरवडा. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर परत करा. सारख्याच लांबीचे गुंडाळे हातात घेतले तर वजनातला फरकही कळतो.

भिंतीतून न्यायची केबल भरीव तारांची असावी. राउटरपासून संगणकापर्यंतची छोटी, सतत हलणारी दोरी मात्र बारीक धाग्यांच्या तारांची. आणि वायरमनला एक गोष्ट ठणकावून सांगा : विजेच्या २३० व्होल्टच्या तारा ज्या पाइपातून जातात त्यातून ही केबल ओढायची नाही. वेळ वाचतो म्हणून हे सर्रास होते. विजेच्या तारेचे आवरण उंदराने कुरतडले तर तो दाब थेट संगणकापर्यंत येऊ शकतो. काम झाल्यावर संगणकाच्या सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहा. राउटर गिगाबिटचा असून तिथे १०० दिसत असेल तर एखादी जोडी नीट बसलेली नाही. अशा वेळी नेट बंद पडत नाही, दोन जोड्यांवर रखडत चालते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. लहरींनी आजारी पडलेला माणूस माझ्या वॉर्डात आलेला नाही. घरातल्या घरात अडखळून पडलेले मात्र येतात : पायपुसणे, ओली फरशी, उंबरठा, आणि आता जमिनीवरून आडवी गेलेली वायर. सत्तरीच्या, हाडे ठिसूळ झालेल्या बाईंचा खुबा मोडतो तो अशाच साध्या पडण्याने. शस्त्रक्रिया झाली तरी अनेकजणी पूर्वीसारख्या चालत नाहीत, आणि अंथरुणातले आठवडे न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायातल्या रक्ताच्या गाठी घेऊन येतात. रात्री लघवीला उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या वाटेत केबल नसावी, तिच्यावर सतरंजी टाकून ती लपवू तर मुळीच नये. भिंतीच्या कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीतून न्या, दार आले तर चौकटीवरून फिरवा. दहा मीटरऐवजी पंधरा लागतील. शंभर मीटरच्या आत तेवढ्याने वेगात काही फरक पडत नाही.