शासकीय भांडार-नियंत्रण

शासकीय कार्यालये व कारखाने यांच्या ताब्यातील वस्तूंची आवक, साठवण, वाटप आणि विल्हेवाट यांची नोंद ठेवून त्यांचा अपहार, गैरवापर वा नासाडी टाळण्याची व्यवस्था. ही समस्या प्राचीन असून कौटिलीय अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांकडून होणाऱ्या अपहाराचे चाळीस प्रकार दिलेले आहेत.

टेबले, कपाटे, यंत्रे इ. टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत आणि कागद, शाई यांसारख्या खर्ची पडणाऱ्या वस्तू साठा नोंदवहीत दाखल करतात. मागणीपत्राशिवाय वस्तू न देणे, वस्तू सांभाळणारा व तिची पडताळणी करणारा या व्यक्ती भिन्न असणे आणि नोंदीतील शिल्लक प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहणे, ही या व्यवस्थेची प्रमुख अंगे होत. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार (२०१७) अशी मोजणी वर्षातून निदान एकदा व्हावी लागते. निकामी वस्तू सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानेच निर्लेखित करता येतात.

मोजणीत तूट आढळली म्हणजे अपहार झालाच, असे नव्हे. नाशिक रोड येथील चलार्थ पत्र मुद्रणालयात २०२१ मध्ये ५०० रुपयांच्या १,००० नोटांचा, म्हणजे ५ लाख रुपयांचा, हिशेब लागेना. कडक बंदोबस्ताच्या या मुद्रणालयातून नोटा चोरीस गेल्याचा संशय येऊन प्रकरण पोलिसांकडे गेले. पुढे, त्या नोटा चुकून छिद्रित होऊन बाद झाल्याचे व कारवाईच्या भीतीने ही गोष्ट सांगितली नसल्याचे तपासात पुढे आले. चूक घडली त्याच वेळी तिची नोंद झाली असती, तर इतरांवर संशयाची छाया पडली नसती.

कायदाही हा भेद मानतो. निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान विभागीय चौकशीनंतर वेतनातून वसूल करता येते. लोकसेवकाने सोपविलेल्या मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार केल्यास मात्र तो फौजदारीपात्र न्यासभंग ठरतो. या गुन्ह्यास भारतीय दंड संहितेचे कलम ४०९ लागू होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(५) ने घेतली. त्यासाठी आजन्म कारावासापर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

अलीकडे नोंदी संगणकावर ठेवल्या जात असल्या, तरी प्रत्यक्ष मोजणीची आवश्यकता संपलेली नाही. नोंदवही केवळ अपहार करणाऱ्यास उघडे पाडण्यासाठी नसते. वस्तू कोणाच्या स्वाधीन होती, हे निश्चित करून ती प्रामाणिक कर्मचाऱ्याचेही रक्षण करते.