गॅस गीझर आणि न्हाणीघरातली हवा

पुण्याजवळच्या लोणी काळभोरला ज्वालाग्राही मालाची शिस्त शिकवायला नको. मुंबईहून घाट चढून येणारी हिंदुस्थान पेट्रोलियमची पाइपलाइन इथल्या डेपोत येते, पुढे सोलापूरकडे जाते, आणि टँकरची ये-जा इथे बारमाही असते. फाटकात काडेपेटी काढून ठेवायची, टँकर भरण्याआधी अर्थिंगची तार जोडायची, हे नियम कशासाठी आहेत ते गाडीवरच्या क्लीनरलाही ठाऊक असतं. घरात ही शिस्त येते, पण अर्धीच. सिलिंडर आला की वायसर बघणं, रेग्युलेटर बसवल्यावर वास घेणं, रात्री नॉब बंद करणं एवढं बहुतेक घरांत होतं. या सगळ्या सवयी न जळलेल्या गॅसच्या भीतीतून आलेल्या आहेत. गॅस गीझरमुळे न्हाणीघरात माणूस जातो तेव्हा मात्र गॅस बहुधा गळालेला नसतो, जळालेला असतो. त्यामुळे गीझरची देखभाल म्हणून आपण जे करतो, त्यातलं बरंचसं चुकीच्या धोक्यावर नजर ठेवून केलेलं असतं.

एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात. गॅस पेटला की तो मरकॅप्टनही जळून जातो, म्हणजे धोक्याची सूचना ज्योतीतच संपते. मागे उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ, आणि हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणं नाही. हवा किती लागते याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर थंडीत पूर्ण आचेवर चालला, तर तासाला सुमारे १ किलो गॅस खातो. एवढा गॅस नीट जळायला साधारण २,७०० लिटर ऑक्सिजन हवा. पाच फूट बाय सात फुटांचं, आठ फूट उंचीचं न्हाणीघर धरलं तर त्यात हवा जेमतेम ८,००० लिटर आणि ऑक्सिजन १,६५० लिटरच्या आसपास. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर पाच-सहा मिनिटांतच ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ च्या खाली येतो. दाराखालच्या फटीमुळे ही घसरण मंदावते, थांबत नाही. या टप्प्यावर ज्योत आपलाच धूर पुन्हा ओढू लागते, आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण एकदम चढतं. दोष यंत्रात नसून खोलीत आहे. कालच दुकानातून आणलेला, चोख गीझरसुद्धा बंद न्हाणीघरात हेच करील. घरातली माणसं एकापाठोपाठ एक आंघोळ करतात आणि मध्ये दार जेमतेम मिनिटभर उघडं राहतं, तिथे सर्वांत वाईट हवा शेवटच्या नंबराला मिळते, हेही यातूनच निघतं.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच हा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो हे दाखवलं, आणि त्याच शतकाच्या अखेरीस ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी खाणीत पिंजऱ्यातले छोटे पक्षी न्यायला सुचवलं, कारण माणसाला कळायच्या आधी पक्षी कोसळतो. हवेत या वायूचं प्रमाण अवघं ०.१६ टक्के झालं, तरी वीसेक मिनिटांत डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. त्यात पायातलं बळ आधी जातं, त्यामुळे काहीतरी बिघडलंय हे कळूनही कडी काढता येत नाही. न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या, झटके आलेल्या रुग्णाला फिट आली असं समजून उपचार सुरू झाल्याचे प्रकार भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. त्यांनी त्याला नावच दिलंय, गॅस गीझर सिंड्रोम.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमच्याकडे दहा वर्षं आहे, काही झालं नाही. झालं नाही, कारण दहा वर्षांत खिडकी बहुतेक दिवस उघडी होती. पुण्याचं किमान तापमान डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांच्या खाली येतं, तेव्हा झडप लावली जाते, वाऱ्याची फट कापडाने बुजवली जाते, पाणी जास्त कढत घेतलं जातं आणि आंघोळही लांबते. धोक्याच्या चारही गोष्टी एकाच महिन्यात जुळून येतात. दुसरा आक्षेप एक्झॉस्ट पंख्याचा. पंखा हवा बाहेर टाकतो खरा, पण आत यायला वाट नसेल तर तो नुसता फिरतो; दाराच्या खालच्या भागात जाळी किंवा झरोका असेल तरच त्याला अर्थ. तिसरा आक्षेप ज्योतीचा: निळी आहे, म्हणजे सगळं ठीक. सुरुवातीची निळी ज्योत फक्त सुरुवातीच्या हवेबद्दल सांगते. ज्योत पिवळी दिसली तर गीझर तात्काळ बंद करावा, पण ती निळी दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

म्हणजे सर्व्हिसिंग निरुपयोगी, असं नव्हे. गीझरचं झाकण काढलं की बर्नरच्या वर तांब्याच्या पातळ पात्यांची दाट रांग दिसते. पात्यांमधून तापलेला धूर वर जातो. त्यांच्या फटींत काजळी बसली की धुराची वाट अरुंद होते, बर्नरला हवा कमी मिळते, काजळी आणखी वाढते. बिघाड स्वतःलाच खतपाणी घालतो. बर्नरच्या तोंडाशी धूळ आणि कोळ्याचं जाळं धरलं तरी तेच. वर्षातून एकदा, पावसाळा संपून थंडी लागायच्या आधी, हा भाग जाणकाराकडून साफ करून घ्यायलाच हवा. बोअरच्या जड पाण्याने नळीत क्षार धरतात, ते वेगळं दुखणं. त्याने गॅस जास्त जातो आणि पाणी कोमट येतं. इमारतीत पाइपचा गॅस आला असेल तर एलपीजीचा गीझर तसाच जोडू नये, त्याचे जेट वेगळे असतात. आणि ‘सारखा बंद पडतो’ म्हणून मेकॅनिक एखादा सेन्सर बगल देऊन जोडू लागला, तर त्याला तिथेच थांबवावं. जपानमध्ये पालोमा कंपनीच्या वॉटर हीटरमुळे १९८५ ते २००५ या काळात २१ माणसं कार्बन मोनॉक्साइडने गेली, आणि बऱ्याच ठिकाणी कारण हेच निघालं: दुरुस्तीच्या नावाखाली सुरक्षेची तार परस्पर जोडलेली. तिथे बिघाड दुरुस्तीनेच घातला होता.

थंड देशांत स्थायिक झालेल्या मराठी घरांत तळघरातली गॅसची भट्टी सगळं घर तापवते. ती गीझरहून कितीतरी मोठी असते, तरी तिच्यासाठी धुराड्याचा स्वतंत्र नळ बाहेर जातो, आणि न्यू जर्सीसारख्या राज्यात घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कायद्याने लागतो. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणं दरवर्षी तपासून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि न्हाणीघरातली हवा वापरणारं गॅसचं उपकरण तिथे बसवताच येत नाही. आपल्याकडे जुना तांब्याचा बंब मागच्या अंगणात किंवा पडवीत पेटायचा. त्यामागे शास्त्र होतं की धुराचा कंटाळा, कोण जाणे. पण जागा बरोबर होती.

मग विजेचाच गीझर बसवावा का? परवडत असेल, अर्थिंग नीट असेल तर जरूर. पण गॅसचा गीझर मुळात वाईट नाही, तो बाहेर हवा. गच्चीत, मोकळ्या बाल्कनीत किंवा डक्टच्या उघड्या बाजूला बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत आणली की वरचा सगळा हिशेब रद्द होतो. खर्च येतो तो काही फूट पाइपचा आणि प्लंबरच्या मजुरीचा. लोणीत कॉलेजच्या मुलांना दिलेल्या भाड्याच्या खोल्या पुष्कळ आहेत, आणि अडचण तिथेच येते: भाडेकरूला भिंत फोडता येत नाही आणि मालक तिथे आंघोळ करत नाही. म्हणून भाडेकराराच्या वेळीच गीझर कुठे आहे हे बघून घ्यावं, आणि आत असेल तर तो बाहेर हलवण्याची अट लिहून घ्यावी. तोवर निदान बादली दार उघडं ठेवून भरावी, गीझर बंद करावा, न्हाणीघरात थोडा वारा खेळू द्यावा आणि मग कडी लावावी.

तरीही कोणी आत कोसळलंच, तर दार फोडून आधी त्याला उघड्यावर आणावं. आत शिरणाऱ्याने रेंगाळू नये. दवाखान्यात नेल्यावर गॅस गीझर चालू होता हे न विचारता, सगळ्यात आधी सांगावं. कोविडपासून घरोघरी आलेला बोटावरचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं आणि तो खुशाल ९८ दाखवतो. खरं प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळतं, आणि शुद्ध ऑक्सिजन जितका लवकर सुरू होईल तितका बरा. साध्या हवेत या वायूचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कने ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात ते काम होतं.