पाटीवरचे ‘इंटरनॅशनल’ आणि वर्गातले

सोलापुरात बी.एड. करणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजलेला आहे. आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवायचे तर स्वतः इंग्रजी माध्यमात, तेही पुण्या-मुंबईत शिकलेले असावे लागते, आत कुणीतरी ओळखीचे लागते, आणि एकदा परदेशातल्या शाळेचे नेमणूकपत्र हाती पडले की पुढे पाहायला नको. जिल्हा परिषदेची शाळा हे एक जग, ‘इंटरनॅशनल’ हे दुसरे, आणि मध्ये वाटच नाही, असे धरून निर्णय घेतले जातात. या समजापायी कुणी अर्जच करत नाही आणि टीईटी ही पात्रता परीक्षा आणि शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल यांच्याकडे डोळे लावून वर्षे काढतो, तर कुणी घरचे पैसे उचलून एजंटाच्या हाती देतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आपण शाळेच्या पाटीवर वाचतो. तो शिक्षकाच्या कामात शोधायला हवा.

पाटीपासूनच सुरुवात करू. नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या कितीतरी शाळा सीबीएसईच्या किंवा राज्य मंडळाच्या असतात. त्यात गैर काही नाही, पण तिथल्या पाच वर्षांच्या नोकरीला बाहेर कुणी आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा अनुभव म्हणून मोजत नाही. जिनिव्हात १९६८ मध्ये सुरू झालेले इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, आणि केंब्रिजचे आयजीसीएसई व ए लेव्हल हे यातले दोन मोठे प्रवाह. तिसरा प्रवाह आपण सहसा धरतच नाही, तो म्हणजे परदेशातल्या, मुख्यतः आखाती देशांतल्या सीबीएसई शाळा. मस्कत, कुवेत, दोहा, दुबई इथल्या या शाळांत भारतीय मुले भारतीय अभ्यासक्रमच शिकतात आणि सोलापुरातल्या सीबीएसई शाळेतला अनुभव तिथे थेट चालतो. महाराष्ट्राने तर २०१८ मध्ये स्वतःचेच आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले, जिल्हा परिषदेच्या शाळा त्याला जोडल्या आणि काही वर्षांतच ते गुंडाळलेही. पाटी चढली आणि उतरली. त्या शाळांत जे शिक्षक मन लावून शिकवत होते, त्यांचे शिकवणे दोन्ही दिवशी तेवढ्याच मोलाचे होते.

खेड्यातल्या मराठी शाळेच्या शिक्षकाला जगात कोण विचारतो, हा दुसरा समज. याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातच आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झाले. वार्की फाउंडेशन युनेस्कोच्या सहकार्याने ते देते. रक्कम १० लाख डॉलरची, आणि त्या वर्षी सुमारे १४० देशांतून १२ हजारांवर नामांकने आली होती. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या ९ शिक्षकांना वाटून दिली, हे बहुतेकांना आठवते. पारितोषिक कशाबद्दल मिळाले, हे मात्र विसरले जाते. २००९ मध्ये ते परितेवाडीत आले तेव्हा शाळा गुरांचा गोठा आणि अडगळीची खोली यांच्या मधल्या पडक्या इमारतीत होती. डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. पोस्टाच्या तिकिटाएवढा तो काळा-पांढरा चौकोन. मुलाने घरातला मोबाइल त्यावर धरला की कविता ऐकू येई, गोष्टीची चित्रफीत दिसे, पुढचा स्वाध्याय समोर येई. २०१७ मध्ये राज्याने आपल्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तीच घोषणा झाली. याखेरीज भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा ताणलेल्या सीमांच्या दोन्ही बाजूंच्या मुलांना इंटरनेटवरून एकमेकांशी बोलते करणारा उपक्रमही त्यांनी चालवला.

हा अपवाद आहे, बारा हजारांत एक, आणि पारितोषिक म्हणजे कारकीर्द नव्हे, असा आक्षेप कुणीही घेईल. तो बरोबरच आहे. पारितोषिकाच्या आशेवर कुणी आयुष्य आखू नये. पण परितेवाडीहून जगापर्यंत जे पोचले ते काय होते, हे नीट पाहावे. वर्गात अडचण कोणती होती, तिच्यावर काय केले, मुलांमध्ये काय बदलले, आणि हे दाखवणारा पुरावा कुठे आहे, या चार गोष्टी तिथे नेमकेपणाने मांडता येत होत्या. चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळेची मुलाखत याच चार प्रश्नांभोवती फिरते. आपले बहुतेक अर्ज पदव्या आणि टक्केवारी लिहून थांबतात आणि तिथेच मागे पडतात.

इंग्रजीबद्दलचा समज अर्धा खरा असल्यामुळे जास्त घातक आहे. इंग्रजी लागते, चांगली लागते, यात शंका नाही. इंग्रजी भाषाच शिकवायची असेल तर भेदभावही होतो. दक्षिण कोरियासारखा देश इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुख्यतः इंग्रजी मातृभाषेच्या सात देशांतल्या नागरिकांना देतो. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांच्या शिक्षकाचे मात्र तसे नाही. तिथे उच्चार ब्रिटिश आहेत का यापेक्षा सूचना स्पष्ट आहेत का, प्रश्न नेमका आहे का, हे पाहतात. आणखी एक बदल इथे कुणी लक्षात घेत नाही. आंतरराष्ट्रीय शाळा आता मुख्यतः परदेशी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी राहिलेल्या नाहीत, त्यांत बहुसंख्य मुले स्थानिक आहेत. म्हणजे घरी एक भाषा, शाळेत दुसरी, असे मूल हाच तिथला रोजचा विद्यार्थी. सोलापूरच्या शिक्षकाला हे मूल नवे आहे का? पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शहरात उर्दू आणि या सगळ्यांवर मराठी, अशा वर्गात त्याची उमेदवारी झालेली असते. ज्या कौशल्यासाठी बाहेर स्वतंत्र प्रशिक्षणे चालतात, त्याचा सराव इथे आपसूक होतो. आपण त्याला अडचण म्हणत आलो, म्हणून अर्जात ते कधी उतरत नाही.

नमुना पाठाचेही असेच आहे. बी.एड.च्या पाठ टाचणात उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन असे रकाने भरले की काम झाले, असे वाटते. समजा, सममिती शिकवायची आहे. व्याख्या फळ्यावर लिहून दोन आकृत्या काढता येतील. किंवा एक सोलापुरी चादर वर्गात पसरून विचारता येईल की ही नेमकी कुठे दुमडली तर नक्षीवर नक्षी बसेल? मुले दुमडतात, चुकतात, पुन्हा दुमडतात. एखादी मुलगी म्हणते, काठ जुळतो पण मधले फूल जुळत नाही. मग व्याख्या मुलांच्याच तोंडून येते. आयबीत ज्याला शोधातून शिकणे म्हणतात ते हेच. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही, उत्तर आधीच सांगून न टाकण्याचा धीर लागतो. हा धीर सरावाने येतो, आणि सराव कोणत्याही वर्गात करता येतो.

मराठी विषयाच्या शिक्षकांनी तर हा रस्ता आपला नाही असे मानूनच टाकले आहे. वस्तुस्थिती उलट आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे केले, आणि त्यात आयबी व केंब्रिजच्या शाळाही आल्या. या शाळांना मराठी दुसरी-तिसरी भाषा म्हणून शिकवणारे शिक्षक हवेत. ज्या मुलाला घरी मराठी ऐकूच येत नाही, त्याला व्याकरणाच्या तक्त्याऐवजी बोलण्यातून भाषेत आणणे हे वेगळे शास्त्र आहे, ते शिकून घ्यावे लागेल. जो घेईल त्याला आंतरराष्ट्रीय शाळेचा अनुभव व्हिसाशिवाय, पुण्या-मुंबईतच मिळेल.

कागदपत्रांबाबत दोन टोकांचे समज आहेत. आपल्या बी.एड.ला बाहेर कुणी विचारत नाही, हे एक, बी.एड. झाले की जगभर चालते, हे दुसरे. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह ९ देशांतल्या पात्र शिक्षकांना त्यांच्या क्यूटीएस या शिक्षकी दर्जासाठी अर्ज करायची वाट खुली केली. भारतीयांसाठी ती ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरती ठेवली. पदवी, शिक्षक प्रशिक्षण, अध्यापनाचा अनुभव आणि इंग्रजीची पातळी तपासली जाते, आणि हा दर्जा मिळाला म्हणजे नोकरी किंवा व्हिसा मिळाला असे होत नाही. डी.एड.वाल्यांनी हे लक्षात ठेवावे की पदवीशिवाय परदेशातल्या बहुतेक चांगल्या शाळा अर्ज पुढे सरकवत नाहीत. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे, त्यामुळे ओमानसारख्या सदस्य देशासाठी प्रमाणपत्रावर अपोस्टिलचा एक शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिराती किंवा कुवेतसाठी दूतावासाचे साक्षांकनही लागते. यात आठवडे जातात, म्हणून नेमणूकपत्राची वाट न पाहता पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून वेळेत काढून ठेवावे.

पैशाबाबत स्पष्ट बोलायला हवे. आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे पगार ब्रिटिश किंवा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा सहसा बरेच कमी असतात. करार बहुधा दोन वर्षांचा असतो, निवृत्तिवेतन नसते. घरभाडे, विमान तिकीट, स्वतःच्या मुलांची फी यांतले शाळा काय देते, हे पाहिल्याशिवाय पगाराच्या आकड्याला अर्थ नाही. आणि नावाजलेली शाळा उमेदवाराकडून नेमणुकीसाठी पैसे घेत नाही. नोंदणीकृत भरती एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालच्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर पाहता येते. या मर्यादेपेक्षा जास्त मागणाऱ्याला तिथेच नकार द्यावा.

चांगले शिक्षक बाहेर गेले तर इथल्या मुलांनी काय करायचे, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याला सोपे उत्तर नाही. पण जो शिक्षक अशा कारकिर्दीसाठी कामाची नोंद ठेवू लागतो, नवे पाठ बसवतो, मुलांचे लिखाण जपून तपासतो, त्याचा पहिला लाभ इथल्याच वर्गाला होतो. तो पुढे गेला नाही तरी ही वर्षे वाया जात नाहीत. परितेवाडीचे जे काम जगासमोर गेले ते परितेवाडीतच उभे राहिले होते.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी एवढे करा. या सत्रातले तीन पाठ निवडा. प्रत्येकाच्या आधी मुलांना काय येत होते आणि नंतर काय आले, हे त्यांच्याच वह्यांच्या पानांसह एका फाइलमध्ये ठेवा. कुणा एजंटाला भेटण्याच्या आधी ती फाइल तयार असू द्या.