दंतवैद्यकाचे विद्यार्थी आणि मानसिक ताण: गैरसमज व वस्तुस्थिती

बीडीएस हा दंतवैद्यकाचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. त्यापुढे एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, करावी लागते. अभिमत विद्यापीठांतली महाविद्यालये वगळता राज्यातली दंत महाविद्यालये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकला, म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावर आहे. त्यामुळे मुंबईपासून नागपूरपर्यंतच्या भावी दंतवैद्यांचे निकाल नाशिकहून लागतात. शहरात पंचवटीला कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयही आहे. या शिक्षणातल्या ताणाबद्दल घरोघरी, वसतिगृहांत आणि विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मनातही काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्यांतल्या काही साफ चुकीच्या आहेत, काही अर्ध्या खऱ्या. अर्ध्या खऱ्या जास्त नडतात.

‘डेंटल म्हणजे एमबीबीएसपेक्षा सोपं’

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र. तिसऱ्या वर्षी जनरल मेडिसिन आणि जनरल सर्जरी. या विषयांचा विस्तार एमबीबीएसइतका नसतो, हे खरे. पण त्यांच्या जोडीला पहिल्या वर्षापासून हाताचे काम असते आणि समजुतीची गल्लत तिथेच होते. आधी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे. मग दुसऱ्या वर्षी कवळीसाठी मेणाच्या कडेवर वरचे चौदा आणि खालचे चौदा कृत्रिम दात लावायचे. एक सुळा जरासा फिरला तरी वरखालची ओळ जुळत नाही. मग मेण तापवून दात सोडवायचे आणि पुन्हा बसायचे. काम पसंत पडले तर जर्नलवर शिक्षकांची सही होते, नाहीतर तेच काम दुसऱ्या दिवशी. बारावीपर्यंत पाठांतराच्या आणि गणिताच्या जोरावर पुढे राहिलेल्या मुलांना हात ऐकत नाही हा अनुभव नवा असतो. कौशल्य सवयीने येते, पण वर्गात ते सगळ्यांना एकाच आठवड्यात येत नाही. मागे राहिलेल्याला शेजारच्याच्या बाकावरचे नीट लागलेले दात सतत दिसत असतात.

तिसऱ्या वर्षी विद्यार्थी ओपीडीत येतो आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली रुग्णाच्या तोंडात स्वतः काम करू लागतो. एअररोटरचे, म्हणजे दात कोरण्याच्या यंत्राचे, बर मिनिटाला तीन ते चार लाख फेऱ्या घेते आणि कोरलेला दात परत भरून येत नाही. अर्धा मिलिमीटर खोली चुकली तर साधी फिलिंगची केस रूट कॅनालवर जाऊ शकते. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, चेहऱ्यासमोर असतो आणि बऱ्याचदा आधीच घाबरलेला असतो. अंतिम वर्षात मुखशल्यचिकित्सेपासून सामाजिक दंतआरोग्यापर्यंत आठ विषयांची परीक्षा एकाच वेळी द्यावी लागते.

या सगळ्याहून छळणारी गोष्ट म्हणजे कोटा. प्रत्येक विभागात ठरावीक केसेस पूर्ण केल्याशिवाय परीक्षेला बसण्याची वाट मोकळी होत नाही. एका पूर्ण कवळीसाठी रुग्णाला पहिले माप, अंतिम माप, जबड्यांचा मेळ, मेणातली चाचणी (ट्राय-इन) आणि कवळी बसवणे अशा किमान पाच खेपा घालाव्या लागतात आणि मधले प्रयोगशाळेचे काम विद्यार्थ्यानेच करायचे असते. नाशिकच्या दंत ओपीडीत येणारे रुग्ण शहरातले असतात तसे दिंडोरी-निफाडकडचेही असतात. जानेवारी ते मार्च या द्राक्षकाढणीच्या दिवसांत बागेत राबणारी वृद्ध बाई मजुरी बुडवून ‘ट्राय-इन’ला येईलच असे नाही, आणि त्यात तिची काही चूकही नाही. विद्यार्थ्याची केस मात्र चौथ्या खेपेवर अडकते आणि ती मोजली जात नाही. म्हणून रुग्णाला आदल्या रात्री फोन करणे, बसचे भाडे खिशातून देणे, गल्लीतल्या आजोबांना कवळीसाठी तयार करणे हे उद्योग सुरू होतात. अभ्यासक्रमाच्या कोणत्याही पानावर हे काम लिहिलेले नाही, पण वेळ आणि झोप त्यातच जाते. स्वतःच्या मेहनतीवर अवलंबून नसलेल्या गोष्टीसाठी स्वतःला जबाबदार धरले जाणे हा ताणाचा सर्वांत वाईट प्रकार होय. कोटा पद्धत तो ताण नियमाने निर्माण करते.

‘ताण येतो तो मनाने कच्च्या मुलांना’

दंत विद्यार्थ्यांच्या ताणाची मोजणी नवी नाही. गार्बी, झुकर आणि सेल्बी या अमेरिकी संशोधकांनी १९८० मध्ये त्यासाठी प्रश्नावली तयार केली आणि पुढे देशोदेशीच्या महाविद्यालयांत तिच्याच आवृत्त्या वापरल्या गेल्या. देश बदलला तरी ताणाचे मुख्य धागे फारसे बदलत नाहीत: परीक्षा आणि गुण, क्लिनिकल कोटा, नापास होण्याची भीती, शिक्षकांचे परस्परविरोधी अभिप्राय, मोकळ्या वेळाचा अभाव. वेगवेगळ्या स्वभावांची मुले वेगवेगळ्या देशांत त्याच ठिकाणी अडखळत असतील, तर दोष शोधण्यासाठी मुलांकडे पाहण्याआधी रस्त्याकडे पाहिले पाहिजे.

भारतातला एक धागा वेगळा आहे. कर्नाटकातल्या दंत विद्यार्थ्यांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिली पसंती दंतवैद्यक नसताना आईवडिलांच्या आग्रहाने प्रवेश घेतलेल्यांत ताण अधिक आढळला. नीट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांनी एमबीबीएस हुकले म्हणून बीडीएस, ही वाट महाराष्ट्रात सर्रास आहे. अशा मुलाला दुसऱ्या वर्षी एखादा विषय राहिला की घरचे वाक्य ठरलेले असते: ‘हेही जमत नाही?’

‘थोडा ताण चांगलाच असतो’

ही अर्धी खरी समजूत. येर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की उत्तेजना एका मर्यादेपर्यंत शिकण्याला मदत करते आणि त्यापुढे बाधते. त्यांच्या निष्कर्षाचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही: काम जितके अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते. जिथे बोटे थरथरली की काम बिघडते, तिथे दरडावल्याने काम सुधारत नाही. रुग्णासमोर विद्यार्थ्याला मोठ्याने बोलणे ही शिस्त म्हणून खपवली जाते. प्रत्यक्षात त्यामुळे रुग्णाचा विश्वास आणि विद्यार्थ्याचा हात दोन्ही एकदम जातात.

ताण आणि आजार यांतली रेघही ओळखता आली पाहिजे. व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री झोप न येणे हा ताण. दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहणे, आवडत्या गोष्टीत रस न उरणे, झोप, भूक आणि एकाग्रता बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि त्यासाठी उपचार लागतात. बर्नआउट हा तिसरा प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे: थकवा, कामाविषयी तुटलेपणा आणि आपण काही नीट करू शकत नाही ही भावना. रुग्णाला ‘ती बत्तीस नंबरची केस’ म्हणणे ही नेहमी उद्धटपणाची खूण नसते; कधी ती तुटलेपणाचीही असते.

‘इंटर्नशिप लागली की सुटलो’

कोटा सुटतो, प्रश्न बदलतात. आंतरवासितेच्या वर्षातच पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-एमडीएसची तयारी, एमडीएसच्या तीन वर्षांच्या फीचा हिशेब, स्वतःचा दवाखाना थाटायचा तर डेंटल चेअर आणि एक्स-रे यंत्राचे कर्ज, नाहीतर कोणाच्या तरी क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर काम. एमबीबीएस झालेल्या वर्गमित्राशी तुलना याच टप्प्यावर सर्वांत जास्त होते.

‘सर्वांत जास्त आत्महत्या दंतवैद्यच करतात’

हे वाक्य अनेक दशके फिरते आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २००१ मध्ये रॉजर अलेक्झांडर यांनी या दाव्यामागचे पुरावे तपासले आणि तो सिद्ध करणारी विश्वसनीय माहिती नसल्याचे म्हटले. ताण खरा आहे. त्यावरून काढलेले भविष्य खरे नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला पहिल्याच वर्षी हा ‘शाप’ गमतीने सांगणे निरुपद्रवी नाही.

याला लागून असलेली दुसरी समजूत अधिक घातक आहे: जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, असे विचारले तर तो विचार डोक्यात भरतो. संशोधन याच्या उलट सांगते. सरळ आणि शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही. विचारलेल्या माणसाला अनेकदा पहिल्यांदाच बोलायला जागा मिळते. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा असेल तर त्या मुलाला एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयात नेणे हेच पहिले काम.

‘मानसोपचाराच्या गोळ्यांची सवय लागते’

औषधशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यांतही ही समजूत असते. नैराश्यावर सहसा प्रथम दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवायच्या असतात. सवय लावणाऱ्या गोळ्या वेगळ्या: अल्प्राझोलामसारख्या बेंझोडायझेपीन गटातल्या. गंमत अशी की मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला घाबरणारा विद्यार्थी झोपेसाठी याच गोळ्या ओळखीच्या दुकानातून आणतो. व्हायव्हापूर्वी छातीची धडधड थांबावी म्हणून घेतलेली प्रोप्रॅनोलॉल दमा असलेल्याला महागात पडू शकते. दुसऱ्या वर्षी मिळालेले औषधांचे ज्ञान स्वतःवर प्रयोग करण्यापुरते कधीच पुरेसे नसते.

‘उपचार घेतले की नोंद होते, मग नोंदणी धोक्यात’

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. कोणाच्या जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. महाविद्यालयाला किंवा पालकांना परस्पर कळवले जाते ही भीती त्यामुळे निराधार ठरते. दंतवैद्यक कायदा १९४८ मध्ये नोंदवहीतून नाव काढण्याची जी कारणे आहेत ती चुकीने झालेली नोंद, गुन्ह्यातली शिक्षा आणि व्यवसायाला न शोभणारे वर्तन या स्वरूपाची आहेत. नैराश्यावर उपचार घेणे त्यांत नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर खटला चालवू नये, असे २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते. असे असूनही लोक उपचारांपर्यंत पोचत नाहीत. निमहान्स या संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले.

‘योग शिबिर घेतले, समुपदेशक नेमला, झाले’

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा प्रकरणात शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, हे त्यांतले एक. चार वर्षांच्या तुकड्या आणि इंटर्न धरले तर बहुतेक दंत महाविद्यालये या मर्यादेत येतात. समुपदेशक हवाच, पण तो त्या विद्यार्थ्याचे गुण देणारा शिक्षक असेल तर त्याच्या दारात कोणी जाणार नाही. श्वसनाचे व्यायाम, झोप, चालणे यांचा उपयोग होतो, तो लक्षणांवर. चौथ्या खेपेला न आलेला रुग्ण प्राणायामाने येत नाही. त्यासाठी केसची पूर्णता न मोजता तिच्यातला प्रत्येक टप्पा मोजणे, अर्धवट राहिलेली केस दुसऱ्या विद्यार्थ्याला जोडून देणे, रुग्णांचे वाटप आणि प्रवासखर्च विभागाने हाती घेणे, एकाच कामावर दोन शिक्षकांचे उलटसुलट शेरे येऊ नयेत म्हणून निकष आधी लेखी देणे, असे बदल लागतात. यांपैकी कशालाही नवे यंत्र लागत नाही. अमेरिकेतल्या अनेक दंत महाविद्यालयांनी केसेसच्या संख्येऐवजी विद्यार्थ्याला काम येते की नाही याची परीक्षा घेण्याची पद्धत स्वीकारली आहे. तिथे एकच रुग्ण विद्यार्थ्याकडे सलग राहतो आणि त्याच्या तोंडातले जे काही काम असेल ते सगळे त्या विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होते.