कृष्णविवरांची अजब बेरीज

३६ आणि २९ यांची बेरीज ६५ होते. मात्र, सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली, तेव्हा तयार झालेले कृष्णविवर सूर्याच्या ६२ पटच भरले. मग तीन सूर्यांइतके वस्तुमान गेले कुठे?

सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर घडलेल्या या घटनेची वर्दी पृथ्वीवर १४ सप्टेंबर २०१५ रोजी पोहोचली. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील 'लायगो' शोधकांनी ती सात मिलिसेकंदांच्या अंतराने टिपली. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये वर्तविलेल्या गुरुत्वीय लहरींची ही पहिली थेट नोंद होती.

एकमेकांभोवती फिरणारी कृष्णविवरे अवकाशकाळात लहरी उठवतात. लहरींबरोबर ऊर्जा निघून जाते, कक्षा आक्रसते आणि वेग वाढतो. हा खेळ कोट्यवधी वर्षे संथपणे चालतो. अखेरचा अंक मात्र क्षणार्धात उरकतो. २०१५ च्या संकेतातील लहरींची वारंवारिता जेमतेम ०.२ सेकंदात सेकंदाला ३५ वरून २५० पर्यंत चढली. कृष्णविवरांचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्यावर गेला होता. त्यांची घटनाक्षितिजे एक झाली आणि टोला दिलेल्या घंटेप्रमाणे नवे कृष्णविवर क्षणभर थरथरून शांत झाले.

हरवलेले वस्तुमान लहरींची ऊर्जा बनून विश्वात पसरले. कृष्णविवरांच्या पोटातून मात्र काहीही बाहेर आले नाही. ही ऊर्जा त्यांच्या परस्परांभोवतीच्या गतीतून आणि गुरुत्वक्षेत्रातून आली. चित्रपटांत दाखवतात तसा डोळे दिपवणारा स्फोटही यात अपेक्षित नसतो. ऊर्जा अफाट, पण प्रकाश नाही!

वस्तुमान घटले, तरी पृष्ठफळ वाढले, ही आणखी एक गंमत. घटनाक्षितिजांचे एकूण क्षेत्रफळ कधीच घटत नाही, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडले होते. क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गानुसार वाढते. ३६ आणि २९ यांच्या वर्गांची बेरीज २१३७, तर ६२ चा वर्ग ३८४४. परिवलनामुळे प्रत्यक्ष आकडे बदलतात, तरी निष्कर्ष तोच राहतो. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या अधिक सुस्पष्ट संकेताने त्याला भक्कम पुष्टी दिली. त्यात आधीचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते, ते सुमारे ४ लाखांवर गेले.

इतके क्षीण संकेत गोंगाटातून वेचण्याच्या गणिती पद्धतींचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. संकेत सापडला, तरी तो कोठून आला हे सांगणे दोनच शोधकांना अवघड जाते. २०१५ मध्ये संभाव्य दिशा दाखवणारा आकाशाचा पट्टा इतका मोठा होता, की त्यात शेकडो पूर्णचंद्र सहज मावावेत. शोधक जितके अधिक आणि दूरदूर, तितका हा पट्टा आखूड. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पाचे महत्त्व यातच आहे. सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.