चिरा, कौले आणि भूकंप

सिंधुदुर्ग जिल्हा 2002 च्या भारतीय मानकातील भूकंपनकाशात तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, पट्ट्यात येतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला झालेला भूकंप कोकणातही जाणवला होता. भूकंपात जीव जातात ते मुख्यतः घरे अंगावर कोसळल्याने. त्यामुळे घर कसे बांधले आहे, याला सर्वांत जास्त महत्त्व येते.

जमीन हादरली की पाया तिच्याबरोबर सरकतो, पण वरचा भार जागच्या जागी राहू पाहतो. या ओढाताणीत भिंतींवर आडवा जोर येतो. घर जितके जड, तितका हा जोर मोठा. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची धाबी कोसळून हजारो माणसे गाडली गेली. मालवण किनाऱ्यावरचे जुने घर या बाबतीत उजवे आहे. वासे-रिपांवरचे कौलारू छप्पर हलके असते आणि घडीव चिऱ्यांचे थर ओबडधोबड दगडांपेक्षा नीट बसतात.

तरीही अशा घराचे कच्चे दुवे ठरलेले आहेत. मातीत रचलेला चिरा आडव्या जोराला सुटतो, कोपऱ्यात भिंती एकमेकींपासून फाकतात आणि छपराखालची त्रिकोणी भिंत बाहेर पडते. यावर उपाय म्हणजे जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छपराखालची पातळी येथे चारही भिंतींवरून अखंड फिरणारा सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा. त्याने घर पेटीसारखे एकसंध हलते. कोपऱ्यात चिरे एकमेकांत गुंतवावेत. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून दूर आणि बेताच्या ठेवाव्यात.

नव्या इमारतींचा धोका वेगळा आहे. खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले असले, की सगळी हालचाल तळमजल्यावर एकवटते. 26 जानेवारी 2001 च्या कच्छमधील भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा अनेक इमारती बसल्या. तळमजल्यावरही काही काँक्रीटच्या भिंती पायापासून वरपर्यंत नेल्यास हा दोष टळतो. कॉलममधल्या रिंगा जवळजवळ असाव्यात आणि त्यांची टोके आतल्या काँक्रीटमध्ये वळवलेली असावीत. नाहीतर हादऱ्यात रिंगा उघडतात आणि उभ्या सळ्या वाकतात. किनाऱ्यावर खारी हवा सळ्या गंजवते, म्हणून त्यांच्यावर काँक्रीटचे पुरेसे आवरण हवे. खारी वाळू काँक्रीटात वापरू नये. पाण्याने भरलेल्या सैल वाळूवर बांधायचे असेल, तर आधी जमिनीची तपासणी करून घ्यावी, कारण हादऱ्यात अशी वाळू पातळ होऊन पाया खचतो.

सर्वांत सावध राहावे ते जुन्या घराची दुरुस्ती करताना. चार इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 250 किलो असते; कौलारू छपराचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. मातीत रचलेल्या, पट्टे नसलेल्या भिंतींवरची कौले उतरवून स्लॅब टाकला, तर घर दिसायला पक्के होते, पण भूकंपात आधीपेक्षा कच्चे ठरते.